आतून लावलेलं ठिगळ

१

“…पहिली संपली, दुसरी संपत आली, पण तिसरीला ती हात लावत नाही. लावेल कशी? त्या पिशवीत तिचा—”

डेअरीवाल्याचं वाक्य तिथंच तुटलं, कारण दारात किटली घेऊन काकू उभ्या होत्या. समोर बसलेल्या दुकानवालीने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला आणि “आज ऊन लवकर तापलं, नाही?” असं भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

काकूंना सगळी वस्ती खिडकीकाकू म्हणायची. तोंडावर नव्हे, पण काकूंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना थोडा मानच वाटायचा. अर्धवट ऐकलेली बातमी मात्र त्यांना दातात अडकलेल्या तुसासारखी छळायची.

“कुणाचं चाललंय गं?”

“कुणाचं नाही हो काकू. असंच.”

“असंच असेल तर थांबलात कशाला? मलाही ऐकू द्या की.”

“तुम्हाला आम्ही काय सांगायचं?” दुकानवाली चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाली. “मुळात तुम्हीच तर—”

डेअरीवाला खोकला. दुकानवालीने पुन्हा चष्मा काढला. काकूंच्या किटलीत आज दूध जरा जास्तच पडलं, आणि त्या जास्तीच्या दुधानेच त्यांना शंका आली.

घराच्या वळणावर त्यांना सगळं आठवलं. तीन महिन्यांपूर्वी शेजारचा भाऊ घर सोडून गेला, तेव्हा त्याच दुकानात मीठ घेता घेता त्या बोलून गेल्या होत्या, “भाऊ तिसऱ्या पिशवीच्या मागच्या टोकाकडे गेला बाई, आणि मी अर्धा तास खिडकीत होते, परत येताना काही दिसला नाही.” बोलणं खोटं नव्हतं. फक्त मध्ये दूध उतू गेलं म्हणून त्या स्वयंपाकघरात धावल्या होत्या आणि ओटा पुसून मगच परत आल्या होत्या, तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

त्या एवढ्याशा वाक्याला आता हातपाय फुटले होते.

२

शेजारची वहिनी, म्हणजे भाऊची बायको, काकूंहून वीस वर्षांनी लहान. घरी नऊ गाई, आणि त्यांचा चारा घरामागच्या मोकळ्या जागेत तीन लांबलचक पांढऱ्या पिशव्यांत भरलेला. मक्याची हिरवी कुट्टी यंत्राने दाबून दाबून प्लॅस्टिकमध्ये कोंबायची, दोन्ही टोकं फळ्यांत आवळून बांधायची, की आत हवा न मिळता तिचा मुरघास होतो, लोणच्यासारखा आंबट आणि टिकाऊ. एकेक पिशवी माणसाच्या खांद्याइतकी उंच आणि पन्नास पावलं लांब. लांबून पाहिलं तर जमिनीवर आडव्या झोपलेल्या तीन मोठ्या अळ्या.

अशा पिशवीची एकच वैरीण, ती म्हणजे हवा. कावळ्याने चोच मारली, उंदराने कुरतडलं, तर त्या भोकाभोवती टोपलीभर चारा काळा पडतो. म्हणून दर शनिवारी पिशवीच्या कडेने हात फिरवत चालायचं आणि दिसेल त्या भोकावर चिकटपट्टी मारायची. हे काम आधी भाऊचं होतं. आता वहिनीचं.

त्या शनिवारी काकू आपणहून सोबत निघाल्या. मनात खुटखुट होतीच.

“काकू, आज खिडकीला सुट्टी?” वहिनी हसली.

“जवळून बघितलं की बरं दिसतं.”

वहिनीची ठिगळं चौकोनी, घाईची. भाऊची जुनी ठिगळं लगेच ओळखू यायची. तो कात्रीने चारी कोपरे गोल करून मगच पट्टी लावायचा, कारण टोकदार कोपरा उन्हात आधी सुटतो. माणूस तसा नीटनेटका. बायकोशी भांडतानासुद्धा चप्पल जोडीने काढून ठेवायचा. “या गाईंच्या शेणात मला जन्म काढायचा नाही,” असं ओरडून, तिसरी पिशवी बांधून झाली त्याच दुपारी, तो निघून गेला होता.

तिसऱ्या पिशवीपाशी मध्यावर काकूंना एक भोक दिसलं. हरभऱ्याएवढं. त्यात एक माशी फडफडत होती, पण तिला उडता येत नव्हतं.

काकू वाकल्या. माशीचे पाय चिकटले होते. भोकाच्या आत पट्टी होती आणि तिची चिकट बाजू बाहेर तोंड करून होती.

त्यांनी भोवती बोट फिरवलं. प्लॅस्टिकखाली एक अगदी बारीक उंचवटा लागला. चौकोनाचा. कोपऱ्यापाशी बोट वळलं, तर टोक लागलं नाही. गोल होतं.

“वहिनी, हे ठिगळ कुणी लावलं?”

वहिनीने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल आलं नाही. काकूंना पुढे कित्येक दिवस तेच आठवत राहिलं.

“हवा लागत नाही ना आत?” ती म्हणाली. “मग झालं तर.” आणि पुढे चालू लागली.

३

काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना टाकी आणि झडप यांच्या भाषेत कळायची.

“आतून कसं लावेल कुणी?” ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. “आत पाय ठेवायला जागा नाही, ठासून भरलंय. आणि हवा? त्या पिशवीत काडी पेटत नाही, तिथे माणूस काय जगणार?”

“मग पट्टी?”

“भरायच्या आधीच भोक असेल. भाऊने रिकाम्या पिशवीत हात घालून चिकटवली असेल. नीटनेटका होता तो.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. खरंच की, एवढं साधं कसं सुचलं नाही! त्या रात्री त्या गाढ झोपल्या.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता हात थांबला. भाऊने ती पट्टी भरायच्या आधी लावली असेल, तर तीन महिने उघड्यावर राहिलेल्या त्या चिकट बाजूवर धूळ बसायला हवी होती. धुळीच्या पट्टीला माशी कशी चिकटेल? ती पट्टी ताजी होती.

मग काकूंनी जे केलं, ते त्यांनी काकांनाही पुढे कधी सांगितलं नाही. वहिनी गाईंना पाण्यावर घेऊन गेलेली पाहून त्यांनी विणकामाची सुई घेतली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या.

दुपारचे तीन. लख्ख ऊन. कुठे पान हलत नव्हतं. तिसरी पिशवी ढोलासारखी ताणलेली, हात ठेवला तर कोमट. ‘एकच भोक,’ त्या स्वतःशी म्हणाल्या, ‘बघून लगेच पट्टी लावते.’ खिशात पट्टीचा तुकडा आणलाही होता, शेजारधर्म म्हणून.

सुई टुपकन आत गेली. बाहेर काढल्यावर भोकातून आंबूस गोडसर वास तोंडावर आला, उबदार श्वासासारखा. काकू डोळा बारीक करून भोकापाशी थांबल्या. आत काळोख. प्लॅस्टिकची आतली बाजू काळीच असते.

वास थांबला.

भोकातला काळोख पांढरट झाला. आणि मग त्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक हळूच वर आलं. एक गोलसर दाब. आधी मधोमध, मग डावीकडे सरकत कडेपर्यंत, परत मधोमध, मग उजवीकडे. पट्टी नीट बसावी म्हणून आपण अंगठा फिरवतो, अगदी तसा. सावकाश, काळजीने, जसं रोजचंच काम.

काकू मागे सरल्या नाहीत. सुई मात्र हातातून पडली, आणि ती पडल्याचा आवाज झाला तसा तो दाब थबकला. जागच्या जागी. जणू आत कुणीतरी कान देऊन उभं होतं.

मग तो मागे गेला, आणि पिशवी पुन्हा गुळगुळीत झाली.

४

मंगळवारी डेअरीवाल्याने वहिनीच्या कॅनना हात लावला नाही.

“माझं काही म्हणणं नाही वहिनी,” तो मान खाली घालून म्हणाला, “पण लोक म्हणतात, त्या घरचं दूध नको. टँकरवाल्यापर्यंत गेलंय ते. तुम्ही ती तिसरी पिशवी एकदा उघडून दाखवा, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. मागचं टोक. तो तिथेच शेवटचा दिसला म्हणे.”

नऊ गाईंचं दूध परत आलं. वहिनीने मोठ्या पातेल्यात तापवायला ठेवलं, आणि एवढं दूध करायचं काय, हे न कळून ओट्याला टेकून उभी राहिली. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांना आत बसायचं धाडस होईना.

“वहिनी, एक सांगायचंय.”

“सांगा.”

“ते बोलणं माझ्या तोंडून सुटलं गं. दुकानात. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की—”

“ठाऊक आहे मला.” वहिनीने पळीने साय बाजूला केली. “त्या खिडकीतून दुसरं कोण बघतं?”

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुमच्याशी भांडले तर या वस्तीत माझ्याशी बोलायला उरतं कोण?”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रागावलेल्या माणसापुढे टिकल्या असत्या, समजूतदार माणसापुढे त्यांची पंचाईत झाली. त्यांनी पुढे होऊन शेगडी बारीक केली. दुसरं काही सुचलं नाही.

“तू उघडत का नाहीस पण? तुझा काही संबंध नाही हे मला माहीत आहे. मग?”

वहिनीने पळी ओट्यावर ठेवली.

“हे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला गोल कोपऱ्याचं ठिगळ दिसलं. आतून लागलेलं. मला वाटलं, हेच येऊन जातात. घरात यायची लाज वाटते, म्हणून निदान पिशवी सांभाळतात. कसं लावतात, आत कसे जातात, ते मी विचारच केला नाही हो. नको वाटलं. महिन्यातल्या एका शनिवारी फेरी झाली की मी पट्टीचं एक नवं रीळ मागच्या टोकाशी ठेवून यायचे. पुढच्या शनिवारी रीळ नसायचं. मला तेवढं पुरत होतं.” ती थांबली. “पिशवी उघडली की ती संपणार. संपली की मग त्यांनी यायचं कशासाठी?”

काकूंनी सुईची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

“उद्या उघडते,” वहिनी म्हणाली. “गाईंना कुठं ठाऊक आहे लोक काय बोलतात ते.”

५

सकाळी नऊला डेअरीवाला आला, दुकानवाली आली, काका हातात मेणबत्ती आणि लांब काठी घेऊन आले. “आधी हवा तपासायची,” ते म्हणाले. “बंद टाकीत घाईने उतरलेली माणसं मी पाहिलीत.” कुणी हसलं नाही.

वहिनीने मागच्या टोकाच्या फळ्या सोडल्या, दोरी कापली, आणि पिशवीचं तोंड उलगडलं. खरं तर तोंड सोडताच दाबलेली कुट्टी भसकन पुढे ढासळायला हवी. तसं झालं नाही. प्लॅस्टिक पडद्यासारखं लोंबलं, आणि आत जागा होती.

भरलेल्या पिशवीच्या पोटात आठ पावलांची एक रिकामी खोली. पलीकडे मुरघासाची भिंत, सुरीने वडी कापावी तशी सरळ. जमिनीवरचं प्लॅस्टिक झाडल्यासारखं स्वच्छ.

“कमी भरली असेल,” डेअरीवाला म्हणाला.

“रविवारी ढोलासारखी ताठ होती,” काकूंच्या तोंडून निघालं.

तासभर तोंड उघडं ठेवलं. काकांनी काठीला बांधलेली मेणबत्ती आत सरकवली. पहिल्यांदा ती विझली, दुसऱ्यांदा विझली, तिसऱ्यांदा टिकली. मग डेअरीवाला बॅटरी घेऊन आत शिरला. कोपरान् कोपरा पाहिला, भिंतीत दाताळं खुपसून पाहिलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि हातात पुठ्ठ्याच्या कड्या. चिकटपट्टीची संपलेली रिळं.

“माणूसबिणूस काही नाही. फक्त हे. एकावर एक नीट रचून ठेवलं होतं. अकरा आहेत.”

वहिनीने काकूंकडे पाहिलं. “मी चारच ठेवली होती,” ती पुटपुटली.

एवढ्यात डेअरीवाल्याचा फोन वाजला. टँकरवाल्याचा. त्याने दोन दिवस चौकशी करून भाऊला शोधून काढलं होतं, दूरच्या एका गोदामात मालाच्या नोंदी घेताना. डेअरीवाल्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“अरे मी जिवंत आहे!” भाऊचा आवाज चिडलेला, थोडा ओशाळलेला. “कोण म्हणतं मी पिशवीत आहे? दुसरं काही काम नाही का रे तुम्हाला?”

दुकानवाली मोठ्याने हसली. तिला हसायचंच होतं. काकासुद्धा हसले.

“तुम्ही मध्ये इकडे येऊन गेलात का?” वहिनीने विचारलं.

“नाही. तीन महिन्यांत पाऊल ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू? यायला हवं होतं.” मग जरा खालच्या आवाजात, “महिनाअखेरीस येतो मी. चारा नीट आहे ना? भोकं बघतेस ना वेळच्या वेळी?”

“बघतात,” वहिनी म्हणाली.

त्याच्या ते लक्षात आलं नाही. डेअरीवाल्यालाही आलं नाही. तो फोन खिशात टाकत म्हणाला, “उद्यापासून दूध आणा वहिनी. आणि झालं गेलं…” पुढचं त्याला जमलं नाही. तो गेला. दुकानवाली गेली. काका मेणबत्ती विझवून, जपून खिशात घालून गेले.

६

“तोंड परत बांधायला हवं,” वहिनी म्हणाली. “आतला चारा बिघडेल.”

“बांधू. मी धरते दोरी.”

“आधी एकदा आत जाऊन येते.”

“कशाला गं?”

“बघून येते.”

“मी येते बरोबर.”

“नको काकू.” तिचा आवाज इतका साधा होता की काकू थांबल्या.

वहिनी वाकून आत गेली. काकू बाहेर, दोरीचं टोक मुठीत धरून. दुपारचं ऊन पांढऱ्या प्लॅस्टिकवर इतकं चकाकत होतं की डोळे दुखत होते. वहिनी आत हाताने चाचपत चालली होती, हे बाहेरून कळत होतं, कारण सैल पडलेल्या प्लॅस्टिकवर तिच्या तळव्याचा उंचवटा हळूहळू पुढे सरकत होता. एक पाऊल, दोन पावलं. ती ठिगळं मोजत असावी. कुठेकुठे तळवा थांबे, अंगठा फिरे, आणि पुन्हा पुढे जाई.

सहाव्या पावलाला तो थांबला.

त्याच्या पुढे, भिंतीकडच्या बाजूने, प्लॅस्टिकवर दुसरा एक तळवा उमटला.

काकूंनी मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. घराच्या मागचं दार, गोठा, कुंपण. आसपास दुसरं कुणीही नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक असायलाच हवं होतं. पुन्हा पाहिलं. तळवा होता. वहिनीच्यापेक्षा मोठा, बोटं जरा जास्तच लांब. तो घाईने पुढे आला नाही. वहिनीच्या हातापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला, जसा अनोळखी घरात पाहुणा उंबऱ्यापाशी थांबतो.

‘ओरड,’ काकूंनी स्वतःला सांगितलं. ‘हाक मार तिला.’ त्याऐवजी त्यांनी दोरी मनगटाभोवती दोनदा गुंडाळली, वेळ पडली तर ओढायचं काय, हे न कळून.

आतून वहिनीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. सूर मात्र कळला. दुखणं काढलेल्या गाईशी ती बोलायची, तसा तो सूर होता. घाबरलेल्या जिवाला घाबरवू नये म्हणून हळू.

मग तिचा तळवा आपणहून बाजूला सरकला, आणि वीतभर अंतर उरलं नाही.

किती वेळ गेला, काकूंना सांगता येणार नाही. वहिनी एकटीच बाहेर आली. अंगाला मुरघासाचा आंबूस वास, केसांत मक्याच्या पानाचा एक तुकडा. तिने काकूंच्या मनगटावरची दोरी हलकेच सोडवली, पिशवीचं तोंड गोळा केलं, फळ्यांत आवळलं. गाठ तिने दरवेळेपेक्षा थोडी सैल बांधली. काकूंनी ते पाहिलं, आणि वहिनीने काकूंना पाहताना पाहिलं.

“काकू,” ती म्हणाली, “हे परत येणार म्हणतात. महिनाअखेरीस.”

“चांगलं आहे की.”

“हो. चांगलंच आहे.” ती पिशवीकडे पाहत होती. “त्यांना ही तिसरी उघडू द्यायची नाही, एवढं फक्त तुम्ही मला आठवण करून द्या.”

दुसऱ्या दिवशी डेअरीत वहिनीचं दूध सगळ्यांच्या आधी मापलं गेलं. काकू किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. दुकानवाली सरकत सरकत त्यांच्यापाशी आली. डोळ्यांत जुनीच चमक.

“काकू, आम्ही गेल्यावर तुम्ही दोघीच होतात ना तिथं? खरं सांगा. आत कुणी नव्हतं ना?”

डेअरीवाल्याचं माप हवेतच राहिलं. रांगेतल्या चारपाच माना वळल्या. काकूंच्या आयुष्यात इतकी माणसं त्यांच्या एका वाक्याची वाट बघत कधी थांबली नव्हती.

काकूंनी किटलीचं झाकण काढलं, पुसलं, परत लावलं.

“तिचा नवरा नव्हता,” त्या म्हणाल्या.